वाचकांचे प्रश्न : कलाशाळा, संगणक आणि कारखाना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच कोल्हापूर आणि परिसरातील आहेत आणि बहुतेकांचा रोख एकाच बाजूला आहे : कला महाविद्यालयातले शिक्षण, संगणकावरचे काम आणि बाजाराची गरज यांची सांगड घालायची कशी? त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला शासकीय चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली असून ती सध्या बारावीत आहे. तिला कला महाविद्यालयात जायचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, चार वर्षे चित्रे काढण्यात घालवण्यापेक्षा वर्षभराचा ॲनिमेशनचा क्लास लावावा आणि नोकरीला लागावे. आम्ही काय करावे?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : चित्रकला हा एक रस्ता आणि संगणक हा दुसरा, असे आपल्या घरातील चर्चेत गृहीत धरलेले दिसते. मुलीने इंटरमिजिएटला दिलेले विषयच आठवून पाहावेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचे कौतुक सगळीकडे होते; भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर मात्र मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि पालकही तो उरकून टाकण्याचा विषय समजतात. घनभूमितीत एखाद्या घनाकृतीचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप काढावे लागते. त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस दिवसभर याच तीन दृश्यांमध्ये ये-जा करत असतो, आणि ज्याला ती कागदावर उमगलेली नाहीत, तो पडद्यावर आकृती नुसतीच फिरवत बसतो. अक्षरलेखनाचेही तसेच आहे. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची याची नजर तयार नसेल, तर संगणकात कितीही फॉन्ट असले तरी मांडणी सैलच दिसते.

क्लासला नावे ठेवण्याचे कारण नाही. तेथे सॉफ्टवेअरवर हात बसतो आणि काम उरकण्याची सवय लागते. परंतु उडी मारून खाली येणाऱ्या माणसाचे वजन आधी कोणत्या पायावर येते, खांदा किती झुकतो, हे निरीक्षणातून आणि पुष्कळ रेखाटनांतूनच कळते, आणि ॲनिमेशन पाहणाऱ्याला खोटे वाटते ते बहुधा तेथेच. शिवाय आज शिकवले जाणारे सॉफ्टवेअर मुलगी तिशीत येईपर्यंत तसेच राहील, असे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून पदवीला प्रवेश घ्यावा आणि क्लास लावायचाच तर तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत लावावा, असे माझे मत आहे.

बी.एफ.ए. या कला पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान यांचीच कसोटी असते, त्यामुळे इंटरमिजिएटची तयारी वाया जात नाही. महाविद्यालय निवडताना मात्र माहितीपत्रकावर विसंबू नये. दुपारच्या वेळी तेथे जाऊन संगणक कक्षाला कुलूप आहे की मुले कामाला बसलेली आहेत, हे पाहावे आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी बाहेरच्या कोणासाठी केलेले काम दाखवा, असे म्हणावे. पहिल्या वर्षी महागडा संगणक घेण्याची गरज नाही. घरी असलेला संगणक आणि साधा पेन टॅब्लेट पुरतो. क्रिटा, इंकस्केप आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर मोफत आणि कायदेशीर आहेत, तेव्हा चोरीच्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी एका उद्योगसमूहाशी सामंजस्य करार केला. हारतुरे झाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यानंतर एक कारखानाभेट वगळता काहीही घडलेले नाही. हे सहकार्य प्रत्यक्षात आणायचे तर सुरुवात कोठून करावी?
– कला महाविद्यालयातील एक अधिव्याख्याते, कोल्हापूर

उत्तर : आपला करार फाईलबंद झाला याचे आश्चर्य वाटत नाही, कारण अशा करारांमध्ये 'ज्ञानाची देवाणघेवाण' आणि 'परस्पर सहकार्य' लिहिलेले असते, काम लिहिलेले नसते. सुरुवात एका लहानशा कामाने करावी. त्याचा मोबदला, त्याची तारीख आणि ते नापसंत करण्याचा समोरच्याचा अधिकार या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. अशी तीन-चार कामे पार पडल्यावर करार केला, तर त्यात लिहिण्यासारखे काहीतरी असेल.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचे, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे, उदाहरण घेऊ. समजा, प्रवेशद्वारासाठी कंपनीच्या मुद्रेचे उठावशिल्प बिडात (ओतीव लोखंडात) ओतून हवे आहे आणि त्याचा त्रिमितीय आराखडा आपल्या विद्यार्थ्याने करायचा आहे. विद्यार्थी पडद्यावर देखणे काम करून आणतो आणि पॅटर्न शॉपमधला, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना (पॅटर्न) बनवणारा, कारागीर ते एका नजरेत परत करतो. कडा सरळ उभ्या आहेत, त्यामुळे पॅटर्न वाळूतून वर उचलताना साचा फाटणार. त्या कडांना एक-दोन अंशांचा उतार हवा, ज्याला तेथे ड्राफ्ट म्हणतात. पानाफुलांच्या नक्षीत काही भाग आतल्या बाजूला वळले आहेत, तेथे पॅटर्न अडकणार. आतले कोपरे टोकदार आहेत, ते गोलसर करायला हवेत. शिवाय बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या मुद्रेसाठी पॅटर्न सुमारे ६०६ मिलिमीटरचा करावा लागतो. आराखड्यात तो हिशेब धरलेलाच नाही. एवढ्या दुरुस्त्या करून विद्यार्थी दुसऱ्यांदा येतो, तेव्हा त्याला माध्यमाची मर्यादा म्हणजे काय हे जेवढे समजलेले असते, तेवढे एका सत्राच्या व्याख्यानांनी समजणे कठीण आहे. कारखान्यालाही यात लाभ आहेच, कारण पॅटर्न संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कोरायचा असो वा त्रिमितीय प्रिंटरवर काढायचा असो, नक्षीकामाची नजर असलेला माणूस यंत्रज्ञांमध्ये सहसा सापडत नाही.

उठावशिल्पे रोज लागत नाहीत, हे खरे. परंतु यंत्रभागांच्या माहितीपुस्तिकेतील चित्रे, प्रदर्शनात दाखवायची यंत्राची हालती चित्रफीत, नव्याने रुजू झालेल्या कामगाराला सुरक्षेचे नियम मराठीत समजावणारी चित्रमालिका, ही कामे जवळजवळ प्रत्येक कारखान्याला लागतात आणि ती बाहेरगावाहून करून आणली जातात. त्यांची मागणी आपण जाऊन केली पाहिजे. मालक स्वतःहून कला महाविद्यालयाच्या दारात येणार नाहीत.

हुपरीच्या चांदीकामाची अडचण निराळी आहे. पैंजणांचे जुने नमुने आणि डाय (धातूवर आकार उठवण्याचे साचे) यांचे त्रिमितीय दस्तावेजीकरण करावे, असे अनेकांच्या मनात येते. मात्र भोवतालून एकमेकांवर चढणारी पुष्कळ छायाचित्रे काढून त्यांवरून आकृती बांधण्याची पद्धत चकाकत्या चांदीवर फसते. प्रत्येक छायाचित्रात चकाकी वेगळ्या ठिकाणी येते आणि सॉफ्टवेअरला खूण पटत नाही. वस्तूवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर फवारून मगच छायाचित्रे घ्यावी लागतात, आणि तो थर कारागिराच्या परवानगीने, त्याच्या समोर पुसून द्यावा लागतो. डाय काळसर आणि कमी चकाकणारा असल्यास काम तुलनेने सोपे जाते, म्हणून सुरुवात तेथून करावी.

वेळापत्रकाकडे बहुतेक संस्था दुर्लक्ष करतात आणि गाडी तेथेच अडते. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी चांदीकारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. गणेशोत्सवापूर्वीचे काही महिने कुंभार गल्लीत कोणी विद्यार्थ्यांशी बोलायला बसणार नाही. याउलट पावसाळ्यात कोल्हापुरी चपलेची विक्री मंदावते, त्यामुळे जून ते ऑगस्ट हा चर्मकारांच्या कार्यशाळेत बसण्याचा काळ आहे. मार्चमध्ये 'इंडस्ट्री व्हिजिट'चे पत्र काढणाऱ्या संस्थेने उद्योजकांच्या अनास्थेबद्दल तक्रार करू नये.

मूल्यमापनाच्या वेळी कारखान्याचा किंवा कारागिरांचा एक माणूस परीक्षक म्हणून बोलवावा आणि त्याला मानधन द्यावे. आपले महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची तरतूद केली आहे. तिच्यानुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक पदवीची अट न लावता शिकवण्यासाठी नेमता येते. पॅटर्नकाम, चांदीकाम किंवा मूर्तिकाम यांत हयात घालवलेल्या माणसांचा विचार या तरतुदीखाली का होऊ नये, असा प्रश्न आपण प्राचार्यांना विचारावा. नुसत्या पाहुण्या व्याख्यात्यांच्या यादीत त्यांचे नाव घालून भागणार नाही.

कोल्हापुरात हे सारे पूर्वी घडलेले आहे. चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यानंतर बाबूरावांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा येथेच तयार केला आणि त्यावर चित्रित केलेला मूकपट १९२० साली पडद्यावर आला. या दोघांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' ही चित्रपट कंपनी स्थापन करणाऱ्यांमध्ये होते. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, तर फत्तेलालांनी कलादिग्दर्शनाची. समारंभांमध्ये या मंडळींची नावे आदराने घेतली जातात, पण ती मंडळी रंगकाम आणि यंत्रकाम एकाच छपराखाली करत होती, हे अभ्यासक्रम आखताना कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आमचे घराणे कोल्हापुरी चपला बनवते. एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्या चपलांची मापे, छायाचित्रे आणि संगणकीय नमुने तयार करण्यासाठी येणार आहेत. २०२५ मध्ये इटलीच्या कंपनीने जे केले ते पाहिल्यावर वडिलांना भीती वाटते की, आमच्या नमुन्यांची अशीच चोरी होईल. परवानगी द्यावी का?
– एका चर्मकार कुटुंबातील तरुण, कोल्हापूर

उत्तर : वडिलांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने दाखवलेल्या चपला कोल्हापुरीशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की येथे ओरड झाली, आणि त्यानंतरच त्या चपलांमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. या प्रकरणात लोकांचा एक गैरसमज दिसला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना लागू आहे. त्याची नोंदणी आपल्याकडील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील लिडकर या दोन महामंडळांच्या नावे आहे. हे मानांकन प्रामुख्याने नावाचे आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाच्या अस्सलपणाचे रक्षण करते. 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता कोणी तसाच आकार विकला, तर या मानांकनाचा आधार तोकडा पडतो.

आकाराच्या संरक्षणासाठी डिझाईन अधिनियम, २००० आहे. त्याखाली नोंदणी झाल्यास सुरुवातीला १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र डिझाईन नवे असले पाहिजे आणि अर्ज करण्यापूर्वी ते कोठेही प्रसिद्ध झालेले नसले पाहिजे. इन्स्टाग्रामवर टाकलेले छायाचित्र हीदेखील प्रसिद्धीच होय. म्हणून कापशी, पुकरी, बक्कलनाली असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले प्रकार आज कोणालाच आपल्या नावे नोंदवता येणार नाहीत. तुम्हालाही नाही आणि परदेशी कंपनीलाही नाही.

विद्यार्थ्यांचे काम तुमच्या उपयोगी पडते ते येथे. समजा, उद्या एखाद्याने जुनाच घाट नवा म्हणून नोंदवला, तर तो पूर्वीपासून प्रसिद्ध होता हे दाखवून नोंदणी रद्द करून घेता येते, आणि त्यासाठी तारीख असलेला पुरावा लागतो. कानाची ठेवण, अंगठ्याची बांधणी, पट्ट्यावरच्या वेणीचे पदर, तळाच्या थरांची शिवण हे सगळे जवळून टिपलेले, मोजमापांसह आणि तारखेसह प्रसिद्ध केलेले दस्तावेज हा उत्तम पुरावा ठरतो. तेव्हा पारंपरिक नमुन्यांना मोकळेपणाने परवानगी द्यावी. मात्र प्रसिद्धीत तुमच्या कुटुंबाचे आणि गावाचे नाव आले पाहिजे, तसेच संगणकीय फाइलींची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, एवढे महाविद्यालयाकडून लिहून घ्यावे.

तुम्ही स्वतः काढलेला, अजून बाजारात न आलेला नमुना मात्र आत ठेवावा. आधी नोंदणीचा अर्ज आणि मग छायाचित्र, हा क्रम मोडू नये. विद्यार्थी चांगले निघाले, तर त्यांच्याकडून तळाच्या मापांचे संगणकीय तक्तेही करून घ्यावेत. ऑनलाइन विक्रीत मापावरून माल परत येण्याचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी होईल.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका दुकानदाराने माझ्याकडून बोधचिन्ह करून घेतले. आता तो ते पिशव्या, खोके, टी-शर्ट अशा सगळ्यांवर छापतो आणि वर म्हणतो, 'पैसे दिले, म्हणजे ते माझे झाले.' हे खरे आहे का? शिवाय पुढच्या वेळी एआयकडूनच चित्र करून घेईन, असेही तो ऐकवतो.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. या नियमाला अपवाद आहेत. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र यांची मालकी, वेगळे काही ठरले नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जाते. नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली केलेल्या कामाची मालकी सामान्यतः नोकरी देणाऱ्याची असते. इंटर्नशिपच्या पत्रावर डोळे झाकून सही करणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तुमचे प्रकरण यांत बसत नसेल, तर बोधचिन्हाचा हक्क लेखी आणि स्वाक्षरीच्या दस्तऐवजाशिवाय दुकानदाराकडे गेलेला नाही. असा दस्तऐवज केला आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. क्षेत्र लिहिले नाही, तर भारतापुरते धरतो.

तरीही भांडायला जाऊ नका. दुकानदाराने बोधचिन्ह घेतले ते दुकानासाठीच, आणि ते पिशवीवर छापणे हा त्याचा सरळ हेतू होता. त्याच्याकडे जाऊन दोन परिच्छेदांचे पत्र करून घ्यावे : कोणकोणत्या वापरांना परवानगी आहे, नव्या वापरासाठी किती रक्कम द्यावी लागेल, आणि हे काम तुमच्या कामांच्या संग्रहात तुम्ही दाखवू शकाल. यापुढे हे पत्र पेन्सिलीने पहिला कच्चा आराखडा काढण्यापूर्वी करावे.

एआयचे म्हणाल, तर दुकानदाराला ते करून पाहू द्यावे. एखाद्या सराफासाठी यंत्राने काढलेल्या पैंजणाच्या चित्रात घुंगरू साखळीला चिकटलेले दिसते, पण ते अडकवायला कडीच नसते, आणि तसा दागिना कारागिराला घडवता येत नाही. वस्तू कशी बनते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चूक दिसते. तुम्ही ते शिकून घेतले, तर एआयने काढलेल्या दहा कच्च्या चित्रांतून घडवता येण्याजोगे एक निवडून देणे, हेसुद्धा पैसे देऊन करून घेण्यासारखे काम ठरते.

प्रश्न : मी दुकानांच्या पाट्या रंगवत असे. फ्लेक्स आल्यापासून काम जवळपास बंद पडले. माझ्या अक्षरांचा संगणकात चालणारा फॉन्ट होऊ शकेल का?
– एक पेंटर, लक्ष्मीपुरी

उत्तर : होऊ शकेल, परंतु हे एकट्याचे आणि एका महिन्याचे काम नाही. मराठी फॉन्टमध्ये जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्यांचे लहान-मोठे प्रकार, रफार आणि रकार धरून काहीशे आकार काढावे लागतात, आणि कोणता आकार कोठे यावा याचे नियम युनिकोड या संगणकावरील लिपींच्या प्रमाणपद्धतीनुसार फॉन्टमध्ये बसवावे लागतात. अक्षरे आपली आणि संगणकाची बाजू उपयोजित कलेच्या दोन विद्यार्थ्यांची, अशी जोडी जमवावी. फॉन्टफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसे आहे. विद्यार्थ्यांना मांडणी समजून घेण्यासाठी मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट उघडून पाहता येतील. विक्रीत आपला वाटा किती आणि फॉन्टवर नाव कोणाचे, हे सुरुवातीलाच कागदावर आणावे.

पहिल्यांदा सगळी बाराखडी काढत बसू नये. क, त, ग, र, ल, श, ह, अ ही अक्षरे, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या आणि क्ष, त्र, श्री, र्क, क्र एवढेच ब्रशने मोठ्या आकारात कागदावर काढून द्यावे. त्यांतून बाकीच्या बहुतेक अक्षरांची वळणे मिळतात. गावात आपल्या हातच्या ज्या पाट्या अजून टिकून आहेत, त्यांची छायाचित्रेही घ्यावीत. ती पाटीच्या बरोबर समोर उभे राहून, शिडीवर चढून अक्षरांच्याच उंचीवरून आणि ढगाळ उजेडात घ्यावीत. खालून तिरके घेतलेले छायाचित्र फॉन्टच्या कामाला उपयोगी पडत नाही.